जुन्या चुन्याच्या भिंतीवरचे टेक्स्चर खरवडून काढावे की त्यावरच पुट्टी ओढावी?

शहापूरची_लेक

नमस्कार. बेळगावात शहापूर भागात आमचे आजोबांच्या काळातले कौलारू घर आहे. पुढचा सोपा, म्हणजे दारातली पहिली खोली, आणि माजघर जांभ्या चिऱ्यांचे असून बांधकाम मातीतले आहे, भिंती दीड फूट जाडीच्या आहेत आणि त्यांवर मूळचा चुन्याचा गिलावा आहे. मागच्या बाजूची खोली आणि स्वयंपाकघर १९९४ मध्ये विटा-सिमेंटमध्ये वाढवले. २००४ मध्ये बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून सगळे घर रंगवून घेतले, तेव्हा सोपा, माजघर आणि मागची खोली अशा तिन्ही ठिकाणी दाणेदार, उभ्या रेघांचे टेक्स्चर मारले गेले. त्या काळी ते हौसेने केलेले काम होते आणि बरीच वर्षे ते चांगले टिकलेही, म्हणून बाबांसमोर त्याला नावे ठेवणे मला जमत नाही. आता मात्र त्या रेघांत बसलेली धूळ कोणत्याही झाडूने निघत नाही, अंग घासले तर कातडे सोलवटते आणि गेल्या चार पावसाळ्यांपासून सोप्याच्या बोळाकडच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला मोठे पोपडे सुटू लागले आहेत.

देवळीच्या खाली सुटलेला तळहाताएवढा एक पोपडा मी हाताने ओढून काढला. तो कडक नाही, दुमडला तर रबरासारखा वाकतो. त्याच्या पाठीला पांढऱ्या पुट्टीचा पातळ थर आहे, त्यामागे पोपटी ऑइलपेंट आहे, आणि भिंतीवर जे उघडे पडले ते निळीच्या चुन्याचे फिकट आकाशी हात आहेत. मधल्या फटीत पिठासारखी मऊ भुकटी साठलेली होती. पूर्वी सोप्यात कमरेपर्यंत ऑइलपेंटचा पट्टा होता हे मला लहानपणापासून आठवते, तो न काढताच त्यावर पुढचे काम केलेले दिसते. जिथे पोपडा सुटलेला नाही तिथे मात्र हेच टेक्स्चर इतके घट्ट आहे की पुट्टीचा पत्रा त्यावरून नुसता घसरतो.

आम्ही दोघांना घर दाखवले. एका पेंटरचे म्हणणे असे की काढण्याच्या भानगडीत पडू नये, त्यावरच पुट्टीचे दोन-तीन हात ओढून गुळगुळीत करता येईल. दुसऱ्याचे म्हणणे असे की ग्राइंडर लावून दोन दिवसांत सगळे साफ करून देतो. सोपा आणि माजघर मिळून भिंतींचे क्षेत्र साधारण सहा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट) आहे, मागची खोली साडेतीन ब्रास. बाबांना दम्याचा त्रास आहे आणि माझी मुलगी चार वर्षांची आहे, त्यामुळे घरभर धूळ होणारे काम हाती घ्यायला मी घाबरते. खर्च थोडा वाढला तरी चालेल, परंतु पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पोपडे सुटले असे होऊ नये. ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले किंवा करून घेतले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

रंगकाम_निपाणी

ताई, मी निपाणी-चिक्कोडी भागात बावीस वर्षे रंगकाम करतो. या काळात मी टेक्स्चर मारलेही पुष्कळ आणि काढलेही पुष्कळ, त्यामुळे दोन्ही बाजू सांगू शकतो. तुमच्या वर्णनातला वाकणारा पोपडा हीच मोठी खूण आहे. वाकते ते ॲक्रिलिकचे टेक्स्चर असते, म्हणजे प्लॅस्टिक रंगातल्याच चिकट द्रवात गारगोटीचे किंवा संगमरवराचे दाणे कालवून केलेला लगदा. सिमेंटचे टेक्स्चर असते तर पोपडा बिस्किटासारखा मोडला असता, आणि पीओपीचे असते तर गरम पाण्याचे फडके दहा मिनिटे धरल्यावर त्याचा चिखल झाला असता. खात्रीसाठी एका कोपऱ्यात थिनरमध्ये भिजवलेला कापूस दोन मिनिटे दाबून धरा. रंग चिकट होऊन कापसाला ओढ लागली तर ते ॲक्रिलिकच आहे. हे करताना खिडकी उघडी असू द्या आणि देवासमोरचा दिवा किंवा गॅस जवळपास पेटता नसू द्या.

आता पुट्टीविषयी. सिमेंटची पुट्टी एका हाताला साधारण दीड मिलिमीटरच्या वर ओढायची नसते, आणि तुमच्या टेक्स्चरच्या रेघा दोन-तीन मिलिमीटर खोल असणार. रेघा भरून वर सपाटी आणायची म्हणजे चार-पाच मिलिमीटरचा थर होतो, आणि तो थर कशाला धरून राहणार, तर खालच्या रबरी टेक्स्चरला. ते टेक्स्चर पुट्टीला, ती पुट्टी ऑइलपेंटला आणि ऑइलपेंट चुन्याच्या हाताला धरून आहे. या साखळीतली सर्वांत कच्ची कडी आजच सुटते आहे, तेव्हा तिच्यावर आणखी वजन चढवून काहीच साधणार नाही. तुमच्या सोप्यात मी असे काम घेणार नाही, पैसे दिले तरी घेणार नाही.

काढायची रीत अशी आहे. ॲक्रिलिक थंड असताना दगडासारखे वाटते, परंतु उष्णतेने ते मऊ पडते. त्यासाठी वाफेचे यंत्र सर्वांत चांगले. भिंतीवरचा कागद काढायचे चपट्या तोंडाचे यंत्र भाड्याने मिळाले तर उत्तम, नाहीतर कपड्यांना वाफ देण्याचे जरा मोठ्या टाकीचे यंत्र चालते. टेक्स्चरच्या वर नंतर रंगाचा हात मारलेला असेल तर वाफ आत शिरत नाही, म्हणून आधी पत्र्याने उंचवट्यांची टोके तोडून घ्यावीत आणि आडव्या-उभ्या रेघा ओढून वरची कातडी फोडावी. तोडण्यापूर्वी फवाऱ्याने भिंत ओलसर करा म्हणजे भुकटी उडणार नाही. मग दोन फूट चौरसाचा भाग घ्यावा, यंत्राचे तोंड एका जागी अर्धा-पाऊण मिनिट धरावे, ते पुढे सरकवताच मागून पत्रा घालावा. पत्रा भिंतीला जवळजवळ टेकवून, आडवा धरून ढकलायचा. उभा धरला की तो खालच्या चुन्यात रुततो.

पत्र्याबाबत एक गोष्ट पोरांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते. नव्या पत्र्याचे दोन्ही कोपरे टोकदार असतात आणि चुन्याचा गिलावा मऊ असल्यामुळे प्रत्येक फटक्याला तिथे चर पडतो. कानशीने ते कोपरे आधी गोल करून घ्यायचे. तीन इंची पत्रा, गोल कोपरे आणि धार मात्र सरळ, एवढ्याने निम्मे नुकसान टळते. निघालेला लगदा गरम असतानाच पत्र्यावरून पुसून टाका, कारण थंड झाला की तो पुन्हा घट्ट बसतो. या रीतीने दोन माणसांचे दिवसाला एक ब्रास झाले तरी चांगले समजावे. ग्राइंडरवाल्याने सांगितलेले दोन दिवस आणि हे सहा-सात दिवस यांतला फरक तुमच्या घरात धूळ होऊन पसरला असता.

मागच्या खोलीचा प्रश्न वेगळा आहे. तिथे भिंत विटा-सिमेंटची, टेक्स्चर घट्ट आणि ओल नाही, असे असेल तर सगळे काढण्याची गरज नाही. चार-पाच ठिकाणी ब्लेडने चौकटी काप मारा, त्यावर रुंद चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्याने ओढा. पट्टीबरोबर काही आले नाही तर टेक्स्चर धरून आहे. मग भिंत ओली करून नुसती टोके तोडायची, साबणाच्या पाण्याने तेलकटपणा आणि धूळ धुवायची, बाँडिंगचा हात द्यायचा, रेघा पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या लेव्हलिंग मालाने भरायच्या आणि मगच वर पुट्टी ओढायची. रेघा भरायचे काम पुट्टीवर टाकले की काही महिन्यांत उभ्या रेघांच्या खुणा परत वर दिसू लागतात.

निवृत्त_स्थापत्य_टिळकवाडी

वरील प्रतिसाद अनुभवी हाताचा आहे आणि त्यातील पद्धतीशी मी सहमत आहे. मी स्थापत्य विषय शिकवत असे, त्यामुळे भिंतीच्या आत काय चालले आहे याविषयी लिहितो, कारण माझ्या मते टेक्स्चर हे येथे मूळ दुखणे नाही.

जांभा हा सच्छिद्र दगड आहे. मातीत बांधलेली जांभ्याची भिंत जमिनीतले आणि पावसाचे थोडेफार पाणी शोषणारच, हे आपल्याकडच्या जुन्या गवंड्यांना पूर्ण ठाऊक होते. त्यांनी त्या भिंतीला पाण्यापासून तोडण्याचा प्रयत्न केला नाही. तिच्यावर चुन्याचा गिलावा आणि चुन्याचेच हात दिले, ज्यांतून आलेले पाणी वाफ होऊन बाहेर जात असे. जून ते सप्टेंबर ओल धरायची आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या वाऱ्यात ती सोडून द्यायची, असा त्या भिंतीचा वर्षाचा क्रम होता. दरवर्षी चुना मारण्याची रीत केवळ शोभेसाठी नव्हती. क्षारांनी खराब झालेला वरचा पातळ थर तीत खरवडला जाई आणि नवा चढे.

या भिंतीवर पहिले झाकण ऑइलपेंटच्या पट्ट्याने बसवले. खालचा भाग बंद झाल्यामुळे पाणी जिथे वाट मिळेल तिथपर्यंत, म्हणजे पट्ट्याच्या वर चढले. तुमचे पोपडे नेमके कमरेच्या उंचीला का सुटतात याचे उत्तर बहुधा येथे आहे. पुढे २००४ मध्ये टेक्स्चरने उरलेली वाटही बुजली. पाण्याबरोबर आलेले क्षार बाहेर पडू न शकल्यामुळे रंगाच्या मागेच स्फटिक होऊन बसले, आणि स्फटिक वाढताना होणाऱ्या दाबाने पापुद्रा सुटला. तुम्हाला मिळालेली पिठासारखी भुकटी म्हणजे हे क्षार आणि त्यांनी कुजवलेला चुना होय. आपण यालाच लोणा लागणे म्हणतो.

म्हणून सोप्यातले आणि माजघरातले टेक्स्चर पूर्ण काढावे, ऑइलपेंटही काढावा, आणि त्यानंतर घाई करू नये. लोण्याची भुकटी कोरड्या, मऊ ब्रशने हलकेच खाली झाडून कागदावर गोळा करावी, पाण्याने धुऊ नये, कारण धुतलेले क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात. टाइल साफ करण्याचे ॲसिड कोणी सुचवले तर त्या माणसाला भिंतीला हात लावू देऊ नये. ॲसिड चुन्याला खाते. उघडी केलेली भिंत निदान एक उन्हाळा मोकळी राहू द्यावी. जाड भिंत वाळायला इंचाला महिना असा ढोबळ हिशेब धरतात, त्यामुळे दीड फुटी भिंत पूर्ण वाळण्याची वाट कोणीच पाहू शकत नाही, परंतु वरचे चार-सहा इंच वाळले तरी फार फरक पडतो.

गिलावा जिथे बोटाच्या टकटकीला पोकळ वाजतो तेवढाच काढून तिथे चुन्याचाच माल भरावा. सिमेंटचा माल भरू नये. तो चुन्यापेक्षा कडक आणि घट्ट असतो, स्वतः टिकतो आणि शेजारचा चुना व मऊ जांभा कुजवतो. पीओपी आणि जिप्समचा माल ओलसर भिंतीवर मुळीच वापरू नये. आपल्याकडे बैलहोंगल-गोकाक बाजूचे गवंडी कामाला येतात, त्यांच्याशी बोलताना चुन्यासाठी ‘सुण्ण’ हा कन्नड शब्द वापरून स्पष्ट सांगावे, कारण ‘गारे’ (गिलावा) एवढेच म्हटले तर आजकाल सिमेंटचा गिलावा असाच अर्थ घेतला जातो. जुन्या कामात चुना घाण्यात मळून त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालत असत. ते सर्व तुम्हाला जमले नाही तरी भिजवलेला चुना नीट मुरलेला असावा, माल पातळ थरांत द्यावा आणि प्रत्येक थर काही दिवस पाण्याच्या फवाऱ्याने ओलसर ठेवावा. चुना हवेतला कर्बवायू घेऊन हळूहळू दगड बनतो, त्याला ऊन लावून घाईने वाळवले तर तो भुकटीच राहतो.

सगळा गिलावाच पाडून टाकू, असेही कोणीतरी सुचवेल. बारा मिलिमीटर जाडीचा गिलावा धरला तरी सहा ब्रास भिंतीतून सव्वा टनाच्या वर राडारोडा निघतो, आणि मातीत बांधलेल्या भिंतीवर छिन्नी-हातोड्याचे ठोके बसले की सांध्यातली माती झडते. आवश्यक नसताना हे करू नये.

मला तुम्हाला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, पोपडे सुटतात त्या भिंतीच्या बाहेर काय आहे? बोळातल्या रस्त्याची पातळी घराच्या जोत्याच्या तुलनेत कुठे येते? दुसरी, भिंत आतून ओली आहे की खोलीतल्या दमट हवेने ओलसर वाटते आहे? यासाठी भिंतीच्या उघड्या भागावर फूटभर चौरस प्लॅस्टिकचा कागद चारही कडा चिकटपट्टीने बंद करून एक दिवस-रात्र ठेवावा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूस थेंब जमले तर पाणी भिंतीतून येत आहे, खोलीकडच्या बाजूस जमले तर ते हवेतले आहे.

मलप्रभाकाठ

मी खानापूर तालुक्यातला आहे. आमच्याकडचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे ओल्या भिंतींचा अनुभव आम्हाला वेगळा घ्यावा लागत नाही. पद्धतीविषयी वरती सर्व आले आहे. मी फक्त जिवाला असलेल्या धोक्यांविषयी लिहितो, कारण ताईंच्या घरात दम्याचा रुग्ण आणि लहान मूल आहे.

सहा वर्षांपूर्वी मी अशाच कामासाठी हार्डवेअरच्या दुकानातून पेंट रिमूव्हरचा डबा आणला. बाहेर पाऊस होता म्हणून दार-खिडक्या लावून घेतल्या आणि जमिनीलगतचा भाग काढायला खाली बसलो. रंग उत्तम फुगून येत होता, त्यामुळे मी उठलोच नाही. अर्ध्या तासात डोके जड झाले, कानांत आवाज येऊ लागला आणि उठताना पाय लटपटले. पत्नी चहा घेऊन आली म्हणून तिने मला ओढून सोप्यात आणले. डॉक्टरांनी डबा मागवून घेतला. त्यात मिथिलीन क्लोराइड होते. हा द्रव चाळीस अंशांनाच उकळतो, त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती खाली साठते, आणि शरीरात गेल्यावर तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, म्हणजे बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून बसल्यासारखेच. अमेरिकेत घरगुती वापरासाठी असे रिमूव्हर विकण्यावर २०१९ मध्ये बंदी आली, कारण बंद न्हाणीघरांत काम करताना माणसे दगावली होती. आपल्याकडे डब्यावरची बारीक अक्षरे कोणी वाचत नाही. ताई, कृपा करून तुमच्या घरात हा डबा आणू नका, वाफेने होणारे काम वाफेनेच करा.

दुसरी गोष्ट पोपटी ऑइलपेंटची. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा जास्त असू नये असा नियम २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. त्याआधीच्या, विशेषतः पिवळ्या-हिरव्या चमकदार रंगांत शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. ते कोरडे घासू नये, त्यावर हीट गन जास्त तापवू नये. फवाऱ्याने ओले करून खरवडावे, पोपडे ओलेच पिशवीत भरावेत आणि जमीन झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. शिसे लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते आणि मूल जमिनीवर रांगते, खेळते, तोच हात तोंडात घालते. काम चालू असेपर्यंत मुलीला आणि बाबांना दुसरीकडे ठेवता आले तर सर्वांत चांगले.

ग्राइंडरची धूळ मी शेजारच्या घरात पाहिली आहे. टेक्स्चरमधले गारगोटीचे दाणे आणि वाळू दळली गेली की तिची इतकी बारीक पूड होते की ती तासन्‌तास हवेत राहते आणि थेट फुप्फुसात उतरते. खाणीतल्या कामगारांना जो सिलिकोसिस होतो तो याच धुळीने होतो. तोंडाला रुमाल बांधल्याने काही होत नाही, काम करणाऱ्या प्रत्येकाला एन-९५ किंवा एफएफपी-२ दर्जाचा मास्क द्यावा आणि तो घालायला लावावा. रोजंदारीचा माणूस नको म्हणतो, परंतु त्याची फुप्फुसेही आपल्याइतकीच नाजूक असतात.

इंटरनेटवर इंग्लंडमधले लेख वाचून काहीजण घाबरतात. तिथल्या जुन्या टेक्स्चरमध्ये १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ॲस्बेस्टॉस मिसळत असत आणि १९९९ मध्ये तिथे त्यावर संपूर्ण बंदी आली. तुमचे २००४ चे ॲक्रिलिक टेक्स्चर त्या जातीचे नाही. मात्र परड्यात किंवा न्हाणीवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असते, त्यामुळे दुरुस्तीच्या ओघात ते कापू-फोडू नका.

शहापूरची_लेक

तिघांचेही मनापासून आभार. थिनरचा कापूस दोन मिनिटांत चिकटला. मागच्या खोलीत पाच ठिकाणी चिकटपट्टी ओढली, कुठेही काही निघाले नाही. सोप्यात प्लॅस्टिकचा कागद लावला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीकडच्या बाजूला थेंब होते, तेही ऑक्टोबर संपत आला असताना.

सरांनी विचारलेल्या पहिल्या प्रश्नाने मला रस्त्यावर जाऊन पाहायला लावले. बोळात जितक्या वेळा काँक्रीट झाले तितक्या वेळा जुने न काढता वरूनच टाकले गेले आहे. आज बोळाची पातळी आमच्या सोप्याच्या जमिनीपेक्षा जवळजवळ नऊ इंच वर आहे आणि काँक्रीट थेट आमच्या भिंतीला टेकलेले आहे. बाबा म्हणाले की त्यांच्या लहानपणी बोळातून सोप्यात यायला दोन पायऱ्या चढाव्या लागत. आता एक पायरी उतरून यावे लागते. इतकी वर्षे रोज ती पायरी उतरूनही तिचा भिंतीशी संबंध आमच्या ध्यानात आला नव्हता. याला उपाय आहे का? बोळ तर आमच्या मालकीचा नाही.

निवृत्त_स्थापत्य_टिळकवाडी

तर मग कारण सापडले. बोळ उतरवणे तुमच्या हातात नाही, परंतु भिंतीलगतची वीतभर पट्टी मोकळी करणे शक्य असते. त्यासाठी महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज करून परवानगी घ्या, विनापरवाना खोदू नका. परवानगी मिळाल्यावर काँक्रीट भिंतीपासून कापून पट्टी सोप्याच्या जमिनीच्या खाली सहा इंचांपर्यंत न्यावी, तळाला गटाराकडे उतार द्यावा आणि ती खडीने भरावी, जेणेकरून पाणी भिंतीला टेकून उभे राहणार नाही. मातीतले बांधकाम असल्यामुळे पायाच्या खाली मुळीच जाऊ नये आणि एका वेळी चार-पाच फुटांपेक्षा जास्त लांबी उघडी ठेवू नये. कौलांचे पाणी त्या बाजूला पडत असेल तर पन्हळ लावून ते पुढे न्यावे. हे आधी करावे. आतले खरवडणे त्यानंतर.

रंगकाम_निपाणी

सरांच्या सांगण्यात एकच भर घालतो. भिंत मोकळी केल्यावर ती वाळत असताना रंग मारण्याचा आग्रह घरातलेच लोक धरतात, सण येतो, पाहुणे येतात. त्या वेळी मन राखण्यासाठी चुन्याचा एक पातळ हात द्यायला हरकत नाही. तो श्वास अडवत नाही आणि उघडी भिंत डोळ्यांना बोचतही नाही. प्लॅस्टिक रंग आणि प्रायमर मात्र त्या दोन खोल्यांत कायमचे बंद समजा.

शहापूरची_लेक

काम कुठवर आले ते कळवणे माझे कर्तव्य आहे, म्हणून पुन्हा लिहीत आहे. अर्जाला परवानगी मिळायला पाच आठवडे लागले. डिसेंबरमध्ये बोळाकडची पट्टी मोकळी झाली. काँक्रीट कापून काढल्यावर त्याच्या मागचा जांभा काळपट ओला होता आणि बोट लावले तर दगडाची माती हाताला येत होती. तो भाग पंधरा दिवस उघडा ठेवून मग खडी भरली.

जानेवारीत मुलगी आणि बाबा माझ्या बहिणीकडे निपाणीला गेले आणि आम्ही वाफेचे यंत्र आणले. पहिल्या दिवशी आमच्या गड्यांना पत्रा किती आडवा धरायचा हे समजायला दुपार झाली. ते समजल्यावर टेक्स्चर ओल्या चामड्यासारखे लांब पट्ट्यांत सुटू लागले. माजघरात आठव्या दिवशी काम संपले. ऑइलपेंटच्या पट्ट्याला जास्त वेळ लागला, तो तुकड्या-तुकड्याने निघाला आणि त्याच्या खाली लोणा सर्वांत जास्त होता. गिलावा पोकळ वाजतो असा भाग आम्ही खडूने आखून घेतला, तो एकूण पाऊण ब्रास भरला. बाकीचा चुना, म्हणजे आजोबांच्या वेळचा, आजही ठणठणीत वाजतो.

मागच्या खोलीत टेक्स्चर न काढता रंगकाम_निपाणी दादांनी सांगितल्याप्रमाणे रेघा भरून पुट्टी केली आहे. सोपा आणि माजघर सध्या उघडेच आहेत. काल पुन्हा प्लॅस्टिकचा कागद लावून पाहिला, सकाळी भिंतीकडच्या बाजूला दमटपणा होता, थेंब नव्हते. चुना आणून पिंपात भिजत घातला आहे. बाबा निपाणीहून परत आले तेव्हा ते भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटले होते की त्यांना वाईट वाटेल. त्यांनी देवळीच्या बाजूला हात लावला, भिंत कोरडी लागते का ते पाहिले आणि मला विचारले की चुन्यात नीळ किती घालायची हे मला ठाऊक आहे का. मला ठाऊक नव्हते, त्यामुळे ते प्रमाण आता तेच ठरवणार आहेत.